जर्मेनबाईंचे चिमटे

दर गुरुवारी सकाळी दहाच्या तासाला जर्मेन सीरबाईंच्या वर्गात गावातलं कोणीतरी येऊन बसायचं, आणि ते माणूस दिसलं की विद्यार्थी मागच्या बाकांकडे सरकायचे. कधी टपालकचेरीतली बाई, कधी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, एकदा तर गावातल्या सगळ्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था बघणारे म्हातारे मिस्टर रिंगेट. आलेल्या पाहुण्याच्या हातात बाई बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा द्यायच्या. डब्यात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे असायचे.

बाईंचा विषय होता व्यावसायिक संवाद. कामाची पत्रं, अर्ज, तक्रारी, तक्रारींना उत्तरं आणि चारचौघांत उभं राहून बोलणं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, नदीच्या अलीकडे आमचं खोरं आणि पलीकडे कॅनडा. इथल्या छोट्या कॉलेजात हा विषय हौसेने कुणी घेत नाही, पदविकेला लागतो म्हणून घेतात. पण एकदा घेतला की वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल बोलत राहतात, त्याला कारण हे चिमटे.

रीत अशी होती. वर्गातल्या प्रत्येकाने त्या दिवशीच्या पाहुण्याला एक पत्र लिहून आणायचं. पाहुण्याने वाचायला सुरुवात करायची, आणि ज्या ओळीवर मन पत्रातून उठून दुसरीकडे जाईल त्या ओळीवर चिमटा लावून कागद बाजूला ठेवायचा. पुढचं वाचायचं नाही. आणि का थांबलात ते सांगायचंही नाही.

"सांगू द्या ना बाई," विद्यार्थी कळवळून म्हणायचे. "कारण कळलं तर सुधारू तरी!"

"खऱ्या जगात कोण कारण सांगतं?" बाई टाळी वाजवून म्हणायच्या. "माणूस तुमचं पत्र खाली ठेवतो आणि जेवायला जातो. का ठेवलं ते तुम्ही शोधायचं. तो कोण आहे, सकाळी काय करून आला, त्याला कशाची धास्ती आहे. शोधा! डोकं कशाला दिलंय देवाने, टोपी घालायला?"

मिस्टर रिंगेट आले तेव्हा एका पठ्ठ्याने त्यांना प्रेतं न्यायची पांढरी गाडी विकणारं पत्र लिहिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'या वर्षी तुमचा धंदा दुप्पट करा!' म्हाताऱ्याने तिथे चिमटा लावला आणि चष्मा पुसत बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. वर्ग हसून हसून लोळला. बाईंना तर आनंदाने काय करू आणि काय नको झालं. त्यांचे कान लाल झाले, फळ्यापासून दारापर्यंत तीन फेऱ्या झाल्या, आणि त्या ओरडल्या, "हे विसरू नका! हे मरेपर्यंत विसरू नका!"

बाई स्वतः हे कॉलेजात शिकल्या नव्हत्या. त्याआधी चौदा वर्षं त्या बटाट्याच्या एका वखारीत तक्रारींच्या खिडकीवर होत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी फिदीम नावाच्या शेतकऱ्याचं पत्र आलं, माझे बटाटे दुसऱ्या प्रतीत का घातले म्हणून. जर्मेनबाईंनी सुरेख इंग्रजीत तीन पानी उत्तर धाडलं. प्रतवारीचे नियम, आकार, डाग, ओल, सगळं. आठवड्याने फिदीम तेच पत्र घेऊन खिडकीशी उभा. घरी फ्रेंच बोलणारा माणूस. पत्र त्याच्या लेकीने वाचून दाखवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर.

"पोरी, हे हो आहे की नाही आहे?" त्याने विचारलं.

"नाही आहे," बाई म्हणाल्या.

"मग वरच सांगायचंस की. माझी लेक तीन पानं वाचत होती आणि मी तीन पानं आशेवर होतो. ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं?"

तो निघून गेला. जर्मेनबाई त्या दिवशी डबा न खाता बसून राहिल्या. आपण पत्र लिहिताना साहेब डोळ्यांसमोर ठेवला होता, फिदीम नव्हता, आणि त्याची लेक तर नव्हतीच नव्हती, हे त्यांना कळलं आणि आतून लाज वाटली. पुढची सगळी शिकवणी तिथून निघाली. बावीस वर्षं त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या: आधी समोरच्याला बघा.

आणि मग त्यांच्यावरच पाळी आली.

जानेवारीत गावसभेची विषयपत्रिका टपालकचेरीच्या दारावर लागली. आमच्याकडे अजून मार्चमधल्या एका शनिवारी अख्खं गाव शाळेच्या जिममध्ये जमतं आणि एकेक कलम हात वर करून मंजूर नाहीतर नामंजूर करतं. यंदाचं सतरावं कलम होतं: लाव्हर्तू रस्ता पंधरा नोव्हेंबर ते पंधरा एप्रिल बंद ठेवावा, गावाच्या गाडीने तिथला बर्फ काढू नये.

लाव्हर्तू रस्ता म्हणजे टेकडीच्या रस्त्याच्या माथ्यावरून फुटणारा पाव मैलाचा फाटा. त्याच्या टोकाला एकच घर. जर्मेनबाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, नॉर्बर्टचं. रस्ता बंद म्हणजे पाच महिने घर बंद. साठीच्या जवळ आलेल्या बाईने आणि सत्तरीच्या नवऱ्याने कुणाच्या तरी तळघरातली भाड्याची खोली बघायची, नाहीतर घर विकायचं. आणि हिवाळ्यात पोचता न येणारं घर विकत घेणार कोण?

खरा विनोद पुढे आहे. नॉर्बर्ट एकतीस वर्षं गावाची बर्फ काढायची गाडी चालवत होता. गावातलं एक दार असं नव्हतं की ज्याच्यासमोरचा बर्फ त्याने ढकलला नव्हता.

"मी एवढंच सांगते की झालं!" बाई उसळून म्हणाल्या. "एकतीस वर्षं! उभं राहायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं."

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला. तो प्लॉय, म्हणजे आमच्याकडची कुट्टूच्या पिठाची गरम धिरडी, लोण्यात बुडवून गुंडाळत होता. "पगार घेतला, काम केलं. उपकार केले नाहीत."

"पण नॉर्बर्ट..."

"तू ते बोललीस तर मी सभेतून उठून जाईन, जर्मेन. सांगून ठेवतो."

नॉर्बर्ट दिवसाला वीस वाक्यं बोलायचा, त्यातली तीन एका वेळी बोलला म्हणजे विषय संपला.

मग बाई कागद घेऊन बसल्या. चार संध्याकाळी खपून त्यांनी चार पानी भाषण लिहिलं. त्यात कायदा होता, गावाचा इतिहास होता, कर भरल्याची वर्षं होती, न्याय हा शब्द सात वेळा होता. वाचून त्यांना स्वतःलाच भरून आलं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी वर्गात पाहुणा नव्हता. बाईंनी बाराच्या बारा विद्यार्थ्यांपुढे आपल्या भाषणाच्या प्रती टाकल्या आणि डबा आपटला.

"आज तुम्हीच गाव. मायादया नको. लावा!"

खोलीत वीज संचारली. बाईंच्या कागदावर चिमटा! इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. विद्यार्थी पुढे वाकून वाचू लागले. पाच मिनिटांत पहिला चिमटा लागला, मग दुसरा, मग पटापट सगळे. बहुतेक दुसऱ्या पानावर थांबले होते, दोघेजण कायद्याच्या कलमावर. एकच कागद पहिल्या पानावर अडला होता, तोही दुसऱ्याच ओळीवर. तो क्लोचा.

क्लोटिल्ड देशेन, सगळ्यांची क्लो, एक्केचाळीस वर्षांची. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होती. गाड्यांचं वेळापत्रक बघायची वरची जागा तिला मिळणार होती, पण त्यासाठी ही पदविका हवी होती. लिहायला बरी होती. बोलायला उभं राहायचं म्हटलं की तिला शब्दच सापडायचे नाहीत. तोंडी परीक्षेला दोनदा ताप आल्याचं सांगून घरी बसली होती, आणि तिसऱ्यांदा घरी राहिली तर नापास होणार होती.

दुसरी ओळ अशी होती: 'या रस्त्याच्या टोकाला फक्त आमचं घर आहे, हे मला मान्य आहे.'

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसरीच ओळ! "का गं?" त्यांच्या तोंडून निसटलं.

अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "बाई! कारण विचारायचं नाही!"

टाळ्या, बाकं बडवणं, शिट्ट्या. क्लो लालबुंद झाली आणि ओठ घट्ट मिटून बसली. बाईही हसू लागल्या. नियम त्यांचाच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा मजाच जास्त वाटली. त्यांनी चारी पानं फाडून टोपलीत टाकली.

"चला! कोण बसतं कुठे? सांगा!"

फळ्यावर जिमचा नकाशा उभा राहिला. गावसभेत जो तो वर्षानुवर्षं आपल्या ठरलेल्या जागी बसतो. पुढे डावीकडे विणकाम करणाऱ्या बायका, तिसऱ्या रांगेपासून लहान मुलांचे आईबाप, मध्ये निवृत्त शिक्षक आणि चर्चची मंडळी. आणि सगळ्यात मागे, कॉफीच्या किटलीजवळ, भिंतीला टेकून उभे राहणारे टोपीवाले पुरुष. ते कधी बसत नाहीत. आमच्याकडे त्यांना भिंतीवाले म्हणतात. पंधरावीस जण असतात, पण त्यांचे हात एकदम वर जातात आणि मग मधल्या रांगा मागे वळून बघून आपले हात वर करतात.

"भिंतीवाल्यांना धास्ती कशाची?" बाईंनी विचारलं.

"आपला रस्ता पुढच्या वर्षी बंद होईल याची!" मागून कोणीतरी म्हणालं.

सापडलं! गावात पुढे न जाणारे असे अकरा रस्ते होते, आणि भिंतीवाल्यांतले निम्मे त्या रस्त्यांवर राहत होते. बाईंनी नवीन भाषण लिहिलं ते फक्त अर्ध्या पानाचं. त्यात अकरा रस्त्यांची नावं, आणि शेवटी एक प्रश्न: पुढच्या वर्षी यातला कुठला? एक अडचण होती. गावसभेत लोकांकडे तोंड करून बोलता येत नाही. जे बोलायचं ते व्यासपीठावरच्या सभापतींना उद्देशून, बाकी गाव पाठीमागे. बाईंनी ती कला वर्षानुवर्षं शिकवली होती. लेकी बोले सुने लागे. सभापतींकडे बघायचं आणि भिंतीवर नेम धरायचा.

शनिवारी सकाळी बर्फ पडत होता. जिम भरलं होतं, ओल्या बुटांचा आणि शिजणाऱ्या बीन्सचा वास सुटला होता. नॉर्बर्ट भिंतीवाल्यांत जाऊन उभा राहिला. बाई चौथ्या रांगेच्या कडेला. क्लो दोन रांगा पुढे, हातमोजे मांडीवर घेऊन. बाईंच्या छातीत धडधडत होतं, पण ती धडधड त्यांना आवडत होती. अर्धं पान त्यांना पाठ होतं. कलमं भराभर पुढे सरकत होती. वाचनालय मंजूर, अग्निशमनाचा पंप मंजूर, कुत्र्यांच्या परवान्यावर वीस मिनिटं भांडण.

सोळावं कलम चालू असताना दार उघडून एकजण आत आला आणि किटलीजवळ काहीतरी बोलला. पुलाच्या वळणावर बटाट्याचा ट्रक घसरून चारीत गेला होता. चालक ठीक होता, पण ट्रक आडवा, रस्ता बंद.

अर्ध्या मिनिटात भिंत रिकामी झाली. टोप्या, कोट, साखळ्यांचा खणखणाट, दारातून आलेला गार वारा. कोणी ट्रॅक्टर आणायला, कोणी फावडी. आमच्या भिंतीवाल्यांना संकट दिसलं की मत दिसत नाही. बाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा सर्वात शेवटी बाहेर पडणारी पाठ ओळखीची होती. नॉर्बर्ट! स्वतःचं घर मताला लागलेलं असताना स्वतःचा नवरासुद्धा!

"कलम सतरा," सभापती एड्रियन डेगल म्हणाले. बटाट्यांच्या लिलावात घडलेला आवाज, माइकची गरज नाही.

"सभापती महोदय," मधल्या रांगांतून निवृत्त शिक्षकांपैकी कोणीतरी म्हणालं, "मागची माणसं परत येईपर्यंत थांबू या का?"

"मागच्या वर्षी ते शिकारीला गेले होते तेव्हा थांबलो नव्हतो. सभा कुणासाठी थांबत नाही. वॉलेस, बोल."

वॉलेस एबेर गावच्या पंचांतला ज्येष्ठ. कलम त्यानेच मांडलं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला यादीतली ओळ छाटायला फार आवडायचं. "सभापती महोदय, रस्त्यावर घर एक. माणसं दोन. गाडीला तिथे जाऊन यायला वीस मिनिटं. तेवढ्यात टेकडीचा अख्खा रस्ता दुसऱ्यांदा होतो. मला जर्मेनबद्दल आणि नॉर्बर्टबद्दल आदर आहे, पण दोन माणसांसाठी गाव किती करणार?"

मधल्या रांगांतल्या माना हलल्या. त्या चुकीच्या दिशेने हलत होत्या.

"जर्मेन सीर," सभापती म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. तोंडात अकरा रस्त्यांची नावं तयार होती, आणि ती ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. जे उरले होते ते गावातल्या नाहीतर टेकडीच्या मोठ्या रस्त्यावर राहणारे. विणकाम करणाऱ्या बायका. तरुण आईबाप, मांडीवर धाकटी मुलं. त्यांना फाट्यांचं काय? हेच भाषण म्हटलं असतं तर पहिल्या चार नावांतच सगळे उठून मनाने बीन्सच्या रांगेत जाऊन उभे राहिले असते, हे बाईंना स्वच्छ दिसलं.

"सभापती महोदय," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

समोरच्या लोकांना बघा. कोण आहेत? त्यांनी बघितलं. तिसऱ्या रांगेत टेकडीवरची कोर्तनी मिशो, दोन मुलं शाळेत. तिच्या शेजारी गिडरींचा थोरला, त्याची तीन. विणणाऱ्या बायकांची नातवंडं टेकडीवर. ही सगळी मुलं सकाळी जातात कशी? बसने. बस चालवतं कोण?

आणि मग क्लोचा चिमटा बाईंच्या डोक्यात कडकन उघडला. 'टोकाला फक्त आमचं घर आहे.' फक्त! रोज सकाळी सहा चाळीसला पिवळी बस त्यांच्याच अंगणात येऊन वळायची. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉफीचा कप उंचावायच्या आणि क्लो दिवे उघडझाप करायची. बारा वर्षं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. नॉर्बर्ट निवृत्त झाल्यावरही पाचला उठून अंगणातला बर्फ त्या टोकापासून या टोकापर्यंत का काढतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. म्हातारपणी झोप येत नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

वाक्यं जिभेवर धावून आली. बस, मुलं, उतार! चांगली भक्कम वाक्यं होती. आता बोलायचं आणि जिंकायचं.

पण त्यांनी तोंड उघडलं नाही. कारण हे ऐकायला बसलेल्या आयांना त्यांच्या तोंडून ते कसं लागेल, हे त्यांना तेवढ्यातच कळलं. घर वाचवायला बाई मुलांना पुढे करतेय, असंच लागेल. वॉलेसने तोंडाने तसं म्हटलं नाही तरी सगळ्यांच्या मनात तेच येईल. ही गोष्ट सांगणारं तोंड दुसरं हवं होतं, आणि ते तोंड दोन रांगा पुढे हातमोजे पिळत बसलं होतं. चारचौघांत एक वाक्य न बोललेलं. ते बोललं नाही, अडखळलं, रडलं, तर घर गेलं. परत कुणाला उभं करता येणार नव्हतं.

"सभापती महोदय," जर्मेनबाई म्हणाल्या, "या रस्त्याबद्दल माझ्याहून जास्त क्लोटिल्ड देशेनला माहिती आहे. तिला विचारावं अशी माझी विनंती आहे." आणि त्या खाली बसल्या.

जिममध्ये कुजबुज झाली. बाई बसल्या? बोलायला शिकवणाऱ्या बाई? क्लोने मान वळवून मागे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी खुणावलं नाही, हसल्या नाहीत, फक्त तिच्याकडे बघत राहिल्या. पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"क्लो, बोलणार आहेस का?" सभापतींनी विचारलं. "नसशील तर हात मोजतो."

क्लो उभी राहिली. एका बाईची सुई खाली पडली ती सगळ्यांना ऐकू आली.

"मी... सभापती महोदय, मी बस चालवते."

"ठाऊक आहे पोरी. माझ्या कुंपणाला तूच घासली होतीस."

लोक हसले. आणि त्या हसण्याने क्लोची भीड चेपली असावी, कारण पुढचं ती एड्रियन डेगलकडे बघून अशी बोलू लागली की तो बसमध्ये तिच्या शेजारी बसलाय.

"ते कुंपण तुम्ही रस्त्यात घातलंत. असू दे. सकाळी मी टेकडीवर चढते. माथ्यापर्यंत चौदा मुलं घेते. माथ्याच्या पुढे बस जाईल असा रस्ता नाही आणि माथ्यावर ती वळवायला जागा नाही, एका बाजूला कडा, एका बाजूला गिडरींचं कोठार. म्हणून मी लाव्हर्तू रस्त्याने आत जाते आणि बाईंच्या अंगणात वळते. नॉर्बर्ट अंगण साफ ठेवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. वॉलेस म्हणाला तिथे दोन माणसं आहेत. सहा चाळीसला तिथे मला धरून सतरा असतात."

सुया थांबल्या.

"रस्ता बंद केलात तर मी माथ्यावरून बस मागे घेत खाली आणीन. पाऊण मैल. उतारावर, अंधारात, मुलं आत. घेईन मी, एकोणीस वर्षं झाली, मला येतं. पण बर्फात मागच्या काचेतून मला काही दिसत नाही. कुणीतरी मागे चालत हात दाखवायला लागेल. रोज. नोव्हेंबर ते एप्रिल." तिने कोटाच्या खिशातून पेन्सिल आणि बसची वही काढली. "कोण कुठल्या दिवशी येणार ते आत्ता सांगा, म्हणजे मी लिहून घेते. सोमवारी कोण?"

कोणी हसलं नाही. ती खरंच वाट बघत होती. पेन्सिल टेकवून, मान थोडी पुढे, जशी ती पायरीवर रेंगाळणाऱ्या मुलाची बघत असेल. तिने पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, दुसऱ्या रांगेवरून, मग वॉलेसकडे पाहिलं.

"सोमवारी तू येतोस, वॉलेस?"

"सभापतींना उद्देशून," एड्रियन डेगल पुटपुटले.

"सभापती महोदय, सोमवारी वॉलेस येतो का?"

वॉलेसची नात चौदांतली एक होती. त्याने समोरची यादी उचलली, उलटी केली आणि खाली ठेवली. बाईंचं सगळं अंग तापलं होतं, ओरडावंसं वाटत होतं, उठून त्या पोरीला मिठी मारावीशी वाटत होती. त्या हात घट्ट धरून बसल्या.

रस्ता बंद करण्याच्या बाजूने सहा हात वर झाले. विरुद्ध बाजूला मोजणाऱ्याने दोनदा मोजून सोडून दिलं. सभापतींनी हातोडा आपटला, "कलम सतरा नामंजूर. जेवायला चला."

बीन्सच्या रांगेत बायकांनी क्लोला घेरलं. कोर्तनी मिशो तिला घट्ट धरून हलवत होती, "अगं, आम्हाला वाटायचं वर कुठेतरी वळत असेल! कुठे ते विचारलंच नाही कधी!" त्यातून सुटून क्लो बाईंसमोर आली तेव्हा बसची वही अजून तिच्या हातातच होती.

"बाई, मला आधीच सांगायचं होतं. पण कारण सांगायचं नाही असा नियम."

"आग लागो त्या नियमाला," बाई म्हणाल्या.

"हे तोंडी परीक्षेत धराल का हो? पुन्हा उभं राहायला लावू नका. मरेन मी."

बाईंनी तोंड उघडलं. बावीस वर्षं त्या प्रत्येक बोलणाऱ्याचं सारं टिपत आल्या होत्या, सुरुवात, आवाज, नजर, हात. आत्ता काहीच आठवत नव्हतं. क्लो कुठे थांबली, कुठे अडखळली, काही नाही. फक्त अंधारातला तो उतार आठवत होता आणि मागे घेतली जाणारी बस.

"गुण काय देऊ तुला?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी मोजलंच नाही गं. मी ऐकत होते."

तेवढ्यात दार उघडलं आणि भिंतीवाले परतले. चिखल, बर्फ, मोठमोठे आवाज. ट्रक निघाला होता. नॉर्बर्ट टोपी झटकत सरळ बाईंकडे आला.

"सतरावं झालं?"

"झालं. रस्ता राहिला."

मग त्याने खुर्ची ओढली आणि धपकन बसला, जणू पुलापासून चालत आला होता.

"काय बोललीस?"

"काही नाही. मी बसले. क्लो बोलली." बाईंनी त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. "नॉर्बर्ट, तू पाचला बससाठी उठतोस हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" नॉर्बर्ट म्हणाला.

बाई उठल्या, जाऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि त्याच्यासाठी बीन्सची मोठी थाळी भरून आणली. ती त्याच्यापुढे ठेवून त्या समोरच बसल्या, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून.

"विचारते आता," त्या म्हणाल्या. "पुलावर काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

आणि नॉर्बर्टने सांगायला सुरुवात केली. विसांपेक्षा कितीतरी जास्त वाक्यं झाली. बाईंनी मध्ये एकही शब्द टाकला नाही.